पॅकेट ट्रेसर: कमांड घोकायला नको, पॅकेट बघायला वापरा

सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कची नक्कल चालवून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, चार जीबी रॅमच्या मशीनवर चालतं आणि एकही राउटर विकत न घेता अख्ख्या कॉलेजचं नेटवर्क स्क्रीनवर उभं करून देतं. त्यामुळे डिप्लोमा, बीएससी आयटी, इंजिनिअरिंग अशा सगळ्या लॅबमध्ये ते रुळलं आहे. पण बहुतेक ठिकाणी त्याचा वापर होतो तो जर्नलमधल्या कमांड उतरवून काढायच्या आणि शेवटी यशस्वी पिंगचा (पलीकडचं मशीन उत्तर देतं का ते बघणाऱ्या कमांडचा) स्क्रीनशॉट चिकटवायचा, एवढ्यापुरता. त्या कामासाठी हे सॉफ्टवेअर बेताचंच आहे. त्याची खरी किंमत खाली उजव्या कोपऱ्यातल्या 'सिम्युलेशन' या, पॅकेटचा (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याचा) प्रवास एकेक पाऊल दाखवणाऱ्या बटणात आहे, आणि नेमकं तेच बटण वर्षभर कुणी दाबत नाही. हे परीक्षण शिकवणाऱ्यांच्या बाजूने लिहिलं आहे; आवृत्ती आठ समोर धरली आहे.

आधी इन्स्टॉलेशनचं थोडक्यात. सिस्को नेटवर्किंग ॲकॅडमीच्या साइटवर मोफत खातं काढायचं, तिथूनच डाउनलोड करायचं. विंडोज, उबुंटू आणि मॅक तिन्हीसाठी आहे. पहिल्यांदा उघडताना लॉगिन मागतं, म्हणजे त्या वेळी इंटरनेट हवंच. लॉगिनच्या पानावर तीन महिने लॉगिन ठेवण्याचा पर्याय असतो. तो चालू करायला विसरलात, तर ऐन प्रॅक्टिकलच्या दिवशी नेट गेलं की अख्खी बॅच बसून राहते. दुसरी गोष्ट आवृत्तीची. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. सरांच्या लॅपटॉपवर ताजी आवृत्ती आणि लॅबमध्ये तीन वर्षांपूर्वीची, हा प्रकार सर्रास दिसतो. फाइल लॅबमधल्याच मशीनवर बनवा, म्हणजे प्रश्नच मिटला.

प्रोजेक्टरवर दाखवणार असाल तर प्रेफरन्सेसमध्ये जाऊन पोर्टची लेबलं कायम दिसतील असं करा आणि अक्षरांचा आकार वाढवा. लेबलं नसली की मागच्या बाकावरून 'सर, ही वायर कुठल्या पोर्टला आहे?' एवढंच ऐकत तास संपतो. तसंच विजेच्या चिन्हाची जी 'आपोआप केबल निवडा' सोय आहे, ती पहिल्या महिन्यात मुलांना वापरू देऊ नये. ती पोर्टही स्वतःच निवडते, मग कमांडमध्ये लिहिलेला पोर्ट आणि जोडलेला पोर्ट यांचा मेळ बसत नाही. शिवाय पीसीवरून राउटरला थेट जायचं तर क्रॉसओव्हर आणि स्विचला जायचं तर स्ट्रेट-थ्रू, हे हाताने केबल निवडल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

आता मुख्य मुद्दा, सिम्युलेशन मोड. यासाठी मोठं नेटवर्क नको. एक २९११ राउटर (वेगवेगळी नेटवर्कं जोडणारा), दोन २९६० स्विच (एकाच नेटवर्कमधली मशीन जोडणारे), प्रत्येक स्विचला दोन पीसी. डावीकडे १९२.१६८.१०.०, उजवीकडे १९२.१६८.२०.०, दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे (नेटवर्कबाहेर पडायचं दार, म्हणजे राउटरचा त्या बाजूचा पत्ता) शेवटी .१. राउटरचे दोन्ही पोर्ट 'नो शटडाउन' करून घ्या, पण पिंग मात्र अजून करू नका. आधीच केला असेल तर पीसीच्या कमांड प्रॉम्प्टवर 'एआरपी -डी' देऊन तिथलं एआरपी टेबल (कुठल्या आयपीचा मॅक, म्हणजे हार्डवेअर पत्ता, कोणता याची यादी) पुसा. मग सिम्युलेशन मोडमध्ये जाऊन फिल्टर उघडा, 'शो ऑल/नन' दाबून सगळ्या खुणा काढून टाका आणि फक्त एआरपी (मॅक विचारणारा निरोप) व आयसीएमपी (पिंगचा निरोप) ठेवा. ही पायरी गाळली तर एसटीपी, सीडीपी, डीटीपी या उपकरणांच्या आपापसातल्या निरोपांची पाकिटं स्क्रीनभर पळत सुटतात, यादी भरते, 'बफर फुल'ची खिडकी येते आणि शिकवायचं होतं ते त्या गर्दीत हरवतं.

डावीकडच्या पहिल्या पीसीच्या प्रॉम्प्टवरून उजवीकडच्या पीसीला पिंग द्या. वरच्या 'सिंपल पीडीयू'च्या पाकिटानेही काम होतं, पण प्रॉम्प्टवरून दिलेल्या पिंगमध्ये टीटीएल (पॅकेट आणखी किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) १२८ पासून उतरताना दिसतो आणि उत्तरंही मोजता येतात. पीसीपाशी लगेच दोन पाकिटं दिसतील. इथेच थांबून वर्गाला विचारा: पिंग एक दिला, पाकिटं दोन का? एक आयसीएमपीचं, ते अजून निघालेलं नाही, दुसरं एआरपीचं. त्या एआरपीवर क्लिक करून कुणाचा पत्ता विचारला आहे ते बघायला लावा. निम्मा वर्ग उजवीकडच्या पीसीचा १९२.१६८.२०.१० म्हणेल. पाकिटात असतो १९२.१६८.१०.१. पीसी दुसऱ्या नेटवर्कमधल्या मशीनचा मॅक कधीच विचारत नाही, तो गेटवेचा विचारतो. हे वाक्य पुस्तकात असतं, पाठही असतं, पण व्हायवात चुकतं ते चुकतंच. इथे ते डोळ्यांनी दिसतं.

एकेक पाऊल पुढे न्या. स्विच ते एआरपी उरलेल्या सगळ्या पोर्टांवर पाठवतो. शेजारच्या पीसीवर लाल फुली येते, कारण प्रश्न त्याच्यासाठी नव्हता. राउटर उत्तर देतो, मग आयसीएमपी निघतं, राउटरपर्यंत पोहोचतं आणि तिथे टाकून दिलं जातं. वर्गात गलका होतो तो इथेच. राउटरकडे उजवीकडच्या पीसीचा मॅक नाही, म्हणून त्याने हातातलं पॅकेट टाकलं आणि पलीकडे स्वतःचा एआरपी सोडला. पहिल्या पिंगला 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येण्यामागे एवढंच कारण आहे. राउटरवरून पिंग केला तर पाच चिन्हांतलं पहिलं टिंब आणि पुढची चार उद्गारचिन्हं, म्हणजे ८० टक्के यश, हेही यातूनच. वाटेत राउटर वाढले की सुरुवातीची दोन पिंगही जाऊ शकतात. हे एकदा बघितलेला विद्यार्थी पहिलं पिंग फेल गेलं म्हणून घाबरून कॉन्फिगरेशन पुसत बसत नाही.

दुसरं पिंग राउटरवर आलं की पाकिटावर क्लिक करा. डावीकडे आत येतानाचे थर, उजवीकडे बाहेर जातानाचे. 'इनबाउंड' आणि 'आउटबाउंड' ही दोन पानं शेजारी ठेवून मुलांना चार ओळींचा तक्ता करायला सांगा: स्रोत मॅक, गंतव्य मॅक, स्रोत आयपी, गंतव्य आयपी. दोन्ही मॅक बदललेले, दोन्ही आयपी तसेच, टीटीएल १२८चा १२७. राउटिंग म्हणजे काय, याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक फळ्यावर होत नाही. त्याच खिडकीत 'चॅलेंज मी' नावाचं बटण आहे. ते दाबलं की स्पष्टीकरण झाकलं जातं आणि प्रत्येक थरावर हे उपकरण आता काय करेल, असा प्रश्न येतो. व्हायवाची तयारी करून घ्यायला याहून सोपं काही नाही, आणि तरीही हे बटण माहीत असलेले शिक्षक कमीच.

हाच प्रयोग डीएचसीपी (मशीनला आपोआप पत्ता देणारी सेवा), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं) यांसाठीही करता येतो. डीएचसीपीचे चार निरोप ओळीने दिसतात. सर्व्हर दुसऱ्या नेटवर्कमध्ये असेल आणि राउटरवर 'आयपी हेल्पर-ॲड्रेस' नसेल तर पहिला निरोप राउटरपाशीच मरतो आणि पीसीला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता मिळतो. सर्व्हरवर डीएचसीपी लावताना एक खोच आहे: खालच्या रकान्यांत आकडे बदलले तरी 'सेव्ह' दाबल्याशिवाय ते लागू होत नाहीत, आणि आधीपासून असलेला 'सर्व्हरपूल' काढून टाकता येत नाही. त्यालाच बदलून वापरायचं.

कमांड लाइनकडे वळू. इथे मुलं जिथे अडकतात त्या जागा ठरलेल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या आयओएसवरही (सिस्कोच्या उपकरणांतल्या सिस्टिमवरही) तशाच आहेत, म्हणून त्या शिकण्यासारख्या आहेत. चुकीची कमांड टाइप झाली की राउटर तिला होस्टनेम समजून डोमेन सर्व्हर शोधायला निघतो आणि खिडकी अडकते. कंट्रोल-शिफ्ट-६ने बाहेर पडा आणि सुरुवातीलाच 'नो आयपी डोमेन-लुकअप' द्यायची सवय लावा. केबल जोडल्यावर स्विचचा दिवा केशरी राहतो तो बिघाड नसून स्पॅनिंग ट्रीचे (स्विचांच्या जोडणीतली वर्तुळं टाळणाऱ्या एसटीपीचे) ऐकण्याचे १५ आणि शिकण्याचे १५ सेकंद असतात. वेळ पुढे ढकलायचं बटण दाबा, किंवा थांबा. वायर काढून परत लावली की ३० सेकंद पुन्हा पहिल्यापासून. ३५६० स्विचवर थेट ट्रंक (एका वायरवरून अनेक व्हीलॅन नेणारा) मोड दिला तर कमांड नाकारली जाते, आधी 'स्विचपोर्ट ट्रंक एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू' लागतं. २९६०वर ती कमांडच नाही. लेयर-३ (राउटिंगही करणाऱ्या) स्विचवर व्हीलॅनचे इंटरफेस चालू, पत्ते बरोबर, तरी एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जात नाही? 'आयपी राउटिंग' राहिलं.

काही अडचणी मात्र उपकरणाच्या चित्रातल्या आहेत. ३६५० स्विच ओढून आणला की तो बंदच असतो, कारण त्यात पॉवर सप्लाय बसवलेला नसतो. फिजिकल टॅबमध्ये जाऊन पॉवर सप्लायचं मॉड्यूल रिकाम्या खाचेत ओढून टाकावं लागतं. हे माहीत नसेल तर अर्धा तास सहज जातो. सिरीयल पोर्टसाठी १९४१ किंवा २९११ राउटरमध्ये एचडब्ल्यूआयसी-२टी, ४३३१मध्ये एनआयएम-२टी हे मॉड्यूल लावायचं, आणि त्याआधी राउटरचा पॉवर स्विच बंद करायचा. स्विच बंद केला की सेव्ह न केलेलं सगळं कॉन्फिगरेशन जातं. म्हणून मॉड्यूल आधी, कॉन्फिगरेशन नंतर; आणि मधे मॉड्यूल लावायची वेळ आलीच तर 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' केल्याशिवाय पॉवर स्विचला हात लावू नये.

सिक्युरिटीची प्रात्यक्षिकं करणाऱ्यांसाठी एक वेगळी खूण. १९४१वर आयपीसेक व्हीपीएनच्या (दोन ठिकाणांमधल्या सांकेतिक जोडणीच्या) 'क्रिप्टो'च्या कमांड ओळखल्याच जात नसतील, तर टायपिंग तपासत बसू नका. सिक्युरिटीचं लायसन्स चालू नसतं. 'लायसन्स बूट मॉड्यूल सी१९०० टेक्नॉलॉजी-पॅकेज सिक्युरिटीके९' द्या, अट मान्य करा, सेव्ह करा, 'रीलोड' करा, मग 'शो व्हर्जन'मध्ये खात्री करून पुढे जा. एएसए ५५०५ या फायरवॉलवर तिसऱ्या व्हीलॅनला नाव देताना नकार आला तर तोही बेस लायसन्सचाच नियम आहे. त्या इंटरफेसवर आधी 'नो फॉरवर्ड इंटरफेस व्हीलॅन १' द्यावं लागतं.

'कॉन्फिग' टॅबबद्दल थोडं कडक बोलायला हवं. तिथे आयपी भरला की खाली समतुल्य कमांड उमटतात, ही सोय पहिल्या आठवड्यात छान आहे. पुढे तीच मुलांना पांगळं करते, कारण खऱ्या राउटरला हे माउसने भरायचे रकाने नसतात. यावरचा उपाय सॉफ्टवेअरमध्येच आहे, तो पुढे येतो.

शिकवणाऱ्याला सिम्युलेशन मोडच्या खालोखाल उपयोगाचा भाग म्हणजे ॲक्टिव्हिटी विझार्ड. यात दोन नेटवर्कं ठेवायची: एक विद्यार्थ्याला मिळणारं अपुरं, दुसरं उत्तराचं. उत्तराच्या झाडात जिथे जिथे खूण कराल तेवढंच तपासलं जातं आणि विद्यार्थ्याला टक्केवारी दिसते. 'लॉकिंग'मध्ये जाऊन कॉन्फिग टॅब बंद करता येतो, केबल काढणं बंद करता येतं. 'व्हेरिएबल' वापरले तर प्रत्येकाला वेगळे आयपी मिळतात. शेजारच्याची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन पत्ते तसेच टाकणाऱ्यांची तेवढ्यानेच पंचाईत होते. पासवर्ड लावायला विसरू नका, नाहीतर उत्तराचं नेटवर्क उघडं राहतं.

तपासणी मात्र शब्दशः असते, आणि इथेच या भागाचं मोठं दुखणं आहे. उत्तरात तुम्ही स्टॅटिक रूटला (हाताने लिहिलेल्या वाटेला) पुढच्या राउटरचा आयपी दिला आणि विद्यार्थ्याने बाहेर जाणारा इंटरफेस दिला, तर नेटवर्क चालतं पण गुण जातात. होस्टनेमचं अक्षर लहान-मोठं झालं, तरी तेच. त्यामुळे मुलं नेटवर्क सोडून टक्केवारीचा पाठलाग करायला लागतात. खुणा मोजक्याच करा, पोर्टचं वर्णन वगैरे सोडून द्या, आणि 'कनेक्टिव्हिटी टेस्ट'ना जास्त वजन द्या: अमुक पीसीवरून अमुक सर्व्हरला पोहोचलं पाहिजे, तमुकवरून पोहोचता कामा नये. ॲक्सेस लिस्टच्या (कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला नाही या यादीच्या) प्रात्यक्षिकात तर ती दुसरी, नकाराची टेस्ट हवीच; एरवी ज्याने लिस्ट लावलीच नाही त्यालाही पूर्ण गुण मिळतात.

याहून पुढचं पाऊल म्हणजे कोरं नेटवर्क न देता बिघडलेलं नेटवर्क देणं. दोन स्विच, राउटरवर सब-इंटरफेस (एकाच पोर्टचे व्हीलॅनवार भाग), व्हीलॅन १० आणि २०. त्यात बिघाड असे पेरा: एका पीसीचा गेटवे चुकीचा, राउटरच्या सब-इंटरफेसवर 'एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू २०'च्या जागी ३०, एका ट्रंकवर परवानगीच्या यादीतून व्हीलॅन २० गायब, दोन स्विचचे नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवरून खूण न लावता जाणारा व्हीलॅन) वेगळे, आणि दुसऱ्या स्विचवर व्हीलॅन २० तयारच केलेला नाही. शेवटचा बिघाड सगळ्यांत जास्त वेळ खातो, कारण ट्रंक हिरवा दिसतो, कॉन्फिगरेशन वाचून काही खुपत नाही, फक्त 'शो व्हीलॅन ब्रीफ'मध्ये २० नसतो. नेटिव्ह व्हीलॅनची चूक उलट सोपी. सीडीपी स्वतःच स्क्रीनवर तक्रार करत राहतो, फक्त ती वाचायची. चुकीच्या गेटवेसाठी सिम्युलेशन लावलं की एआरपी जातो आणि कुणीच उत्तर देत नाही, सगळीकडे फुल्या. आधी 'शो'च्या कमांड, मग अंदाज वहीत लिहायचा, मगच दुरुस्ती, असा दंडक ठेवा. दीड तासात असे पाच बिघाड शोधणारा विद्यार्थी महिनाभर कमांड उतरवणाऱ्यापेक्षा पुढे जातो.

मर्यादा आता स्पष्ट सांगायला हव्यात. पॅकेट ट्रेसरमध्ये खरं आयओएस चालत नाही. आयओएससारखं वागणारा एक प्रोग्रॅम चालतो आणि त्यात कमांडचा एक हिस्साच आहे. प्रश्नचिन्ह टाइप करून यादी बघितली की काय गाळलं आहे ते कळतं. आरआयपी, ओएसपीएफ, ईआयजीआरपी हे राउटिंग प्रोटोकॉल आणि नॅट, एचएसआरपी, इथरचॅनल व्यवस्थित चालतात. बीजीपी (मोठ्या नेटवर्कांमधलं राउटिंग) तोंडओळखीपुरतं, दोन वेगळ्या स्वायत्त प्रणालींमधलं तेवढं; एमपीएलएस नाहीच. वेग, विलंब, गर्दीत पॅकेट गळणं यांचे आकडे यावरून काढून कुणी प्रोजेक्टच्या अहवालात घालत असेल तर ते अर्थहीन आहेत. त्या अभ्यासासाठी एनएस-३ हा सिम्युलेटर आहे. खऱ्या इंटरनेटशीही हे नेटवर्क जोडलं जात नाही. 'मल्टीयूजर'ने लॅबमधल्या दोन मशीनवरची पॅकेट ट्रेसर एकमेकांना जोडता येतात, पोर्ट ३८०००. जमलं नाही तर आधी विंडोजची फायरवॉल बघा. वरच्या आवृत्त्यांमधले पंखे, दिवे, सेन्सर हे आयओटीचं सामान प्रदर्शनात मांडायला ठीक आहे, नेटवर्किंगच्या तासाला त्याची गरज नाही.

पुढचा टप्पा जीएनएस३ किंवा ईव्ही-एनजी, ही अशीच नेटवर्क उभं करायची दुसरी सॉफ्टवेअर. तिथे खऱ्या सिस्टिमच्या इमेज चालतात आणि जीएनएस३मध्ये कुठल्याही वायरवर राइट-क्लिक करून वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावता येतो, हे पॅकेट ट्रेसरला जमत नाही. पण इमेज सोबत मिळत नाहीत, त्या परवान्याने मिळवाव्या लागतात. ७२०० राउटरच्या एकेका नगाला ५१२ एमबीच्या आसपास रॅम द्यावी लागते, आणि 'आयडल-पीसी'चं (राउटर रिकामा असताना प्रोसेसर मोकळा सोडण्याच्या सेटिंगचं) मूल्य बसवलं नाही तर एकच राउटर प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण खातो. सिस्कोच्याच मॉडेलिंग लॅब्सची एक मोफत पातळी आहे, पण तिच्यात पाचच नोड चालतात. दुसऱ्या वर्षाच्या साठ जणांच्या बॅचला यातलं काही देऊ नये. तिसऱ्या वर्षी, सीसीएनए या सिस्कोच्या परीक्षेच्या पुढे जाणाऱ्या मोजक्या मुलांना जरूर द्यावं.

आणि लॅबमध्ये एक तरी खरा स्विच असू द्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुनं नेटवर्किंगचं सामान बघायला मिळतं. चौकशी करताना कन्सोल केबल आहे का, सगळ्या पोर्टांचे दिवे लागतात का आणि जुना पासवर्ड पुसलेला आहे का, एवढं दुकानातच बघून घ्यावं. पॅकेट ट्रेसरमधली केबल कधी सैल बसत नाही. खऱ्या आरजे-४५मध्ये पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी या क्रमाने तारा घालून क्रिम्प करायला लागलं की पहिल्या प्रयत्नात एखादी तार टोकापर्यंत पोहोचलेलीच नसते, आणि कन्सोलला ९६०० ऐवजी दुसरा वेग लावला की स्क्रीनवर कचरा अक्षरं येतात. सॉफ्टवेअरमध्ये राउटर दोन-चार क्षणांत उठतो, खरा स्विच सुरू व्हायला काही मिनिटं घेतो. तेवढ्यात घाईने पुन्हा बंद करणारा एखादा निघतोच.